सेलर अकाउंटवर दोनशे रुपये थकलेत? घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका

ऑनलाइन लिलावात तुम्ही कधीतरी जुना कॅमेरा, नाणी, पोस्टाची तिकिटं किंवा आजोबांचा रेडिओ विकायला लावला असेल. वस्तू गेली किंवा नाही गेली, तुम्ही ॲप काढून टाकलं आणि विषय डोक्यातून गेला. मग सहा महिन्यांनी एक मेल येतो: 'आपल्या विक्रेता खात्यावर २१२ रुपये ४० पैसे बाकी आहेत.'

रक्कम एवढी छोटी की हसू येतं. पण खाली 'खाते मर्यादित करण्यात येईल', 'वसुलीची कारवाई' असे शब्द दिसले की हसू थांबतं. अशा वेळी लोक दोनपैकी एक करतात. एकतर मेल पुसून टाकतात, नाहीतर घाबरून येईल त्या लिंकवर पैसे भरतात. दोन्हीत नुकसान आहे. ही बाकी नेमकी कशी तयार होते, न भरल्यास खरंच काय होतं आणि ती मिटवायची कशी, ते आज बघू.

मी मूर्तिजापूरला राहतो. जुनी रेल्वे तिकिटं आणि पोस्टाची पाकिटं जमवतो, त्यातली दुबार झालेली ऑनलाइन लिलावात विकतो. त्यामुळे गावातली पोरं असले मेल घेऊन माझ्याकडे येतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

भारतात ऑनलाइन लिलाव लोकांना माहीत झाला तो बाझी डॉट कॉममुळे. २००० साली मुंबईत सुरू झालेली ही साइट २००४ मध्ये अमेरिकेतल्या ईबेने साधारण ५ कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे २०१७ मध्ये ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे डॉट इन बंद झाली. आजही भारतातले विक्रेते ईबेवर आहेत, पण ते मुख्यतः परदेशातल्या गिऱ्हाइकांना माल पाठवतात. त्याशिवाय नाणी, तिकिटं, जुनी पुस्तकं यांच्या लिलावाच्या लहान साइट्स आहेत.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो इथे लिलाव नसतो, ठरलेला भाव असतो. पण सेलर खात्याचा हिशेब जवळपास त्याच पद्धतीने चालतो, त्यामुळे खाली सांगितलेलं बरंचसं तिथेही लागू पडतं. मीशो शून्य कमिशन सांगतं, तरी गिऱ्हाइकाने माल परत केला तर वाहतुकीचा खर्च तुमच्या नावावर पडू शकतो.

हे पैसे लागतात कशाचे?

आपल्याकडे शेतकरी तूर किंवा सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो. हर्रास होतो, वजन होतं आणि हातात पट्टी पडते. त्या पट्टीवर मालाच्या रकमेतून हमाली, तोलाई असे खर्च वजा झालेले दिसतात. ऑनलाइन साइटचं स्टेटमेंट ही तुमची पट्टीच आहे. फक्त तिच्यावरची नावं वेगळी असतात:

- लिस्टिंग शुल्क: वस्तू लिलावाला लावण्याचे पैसे. बहुतेक साइट्स महिन्याला काही लिस्टिंग फुकट देतात, त्यापुढे पैसे घेतात. वस्तू विकली गेली नाही तरी हे शुल्क लागतं.
- विक्री शुल्क: अंतिम बोलीवर टक्केवारी, आणि काही ठिकाणी दर ऑर्डरमागे एक ठरावीक रक्कम. ईबेवर ही टक्केवारी फक्त वस्तूच्या किमतीवर नाही, तर पाठवणीच्या खर्चासकट होणाऱ्या एकूण रकमेवर लागते. नवीन विक्रेत्याचा हिशेब इथेच चुकतो.
- जाहिरात शुल्क: तुमची वस्तू यादीत वर दाखवण्याचे पैसे.
- दुकानाचं मासिक शुल्क: 'पहिला महिना फुकट' म्हणून घेतलेली योजना, जी दुसऱ्या महिन्यापासून आपोआप पैसे मागते.
- जीएसटी: साइट तुम्हाला सेवा देते म्हणून या शुल्कांवर १८ टक्के. म्हणजे १०० रुपयांचं शुल्क हातात ११८ रुपयांना पडतं.

स्टेटमेंटमध्ये टीसीएस किंवा टीडीएस असेही शब्द दिसतील. ते शुल्क नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के आहे. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे आणि पॅन दिलेल्या व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तो कापला जात नाही. कापला गेला तरी हा पैसा तुमच्या नावावर सरकारकडे जमा होतो. तो थकबाकीत मिसळून गोंधळ करून घेऊ नका.

मग बाकी उणे का होते?

बाजार समितीत खर्च वजा होतो तेव्हा मालाचे पैसे समोर असतात. ऑनलाइन मात्र शुल्क आधी नोंदलं जातं आणि पैसे नंतर येतात, किंवा येतच नाहीत. त्यामुळे उणे बाकीची कारणं साधारण चारच असतात:

१. लिलाव संपला, शुल्क लागलं, पण बोली जिंकणाऱ्याने पैसेच भरले नाहीत.
२. पैसे तुमच्या बँकेत आले, नंतर गिऱ्हाइकाने माल परत केला आणि साइटने त्याला रक्कम परत दिली.
३. काही विकलं गेलं नाही, पण लिस्टिंग किंवा जाहिरातीचे पैसे लागले.
४. मासिक योजना चालूच राहिली.

तुमची बाकी यातल्या कोणत्या कारणाने झाली हे कळलं की अर्धं काम झालं. कारण पहिल्या प्रकारात तुम्हाला शुल्क परत मिळू शकतं आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा मिळत नाही.

एका पोराची गोष्ट

आमच्या गल्लीतला एक पोरगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांच्या संग्रहातली काही पोस्टाची तिकिटं त्याने एका साइटवर लिलावाला लावली. एका संचाची बोली १,५०० रुपयांपर्यंत गेली. याला आनंद झाला. पण जिंकणाऱ्याने ना पैसे भरले, ना उत्तर दिलं. पोराला वाटलं, पैसे आले नाहीत म्हणजे व्यवहार झालाच नाही. ऑर्डर त्याने तशीच सोडून दिली.

साइटच्या हिशेबात मात्र लिलाव पूर्ण झाला होता. १,५०० वर १० टक्के म्हणजे १५० रुपये, दर ऑर्डरमागचे ३० रुपये, आणि १८० वर जीएसटी ३२ रुपये ४० पैसे. एकूण २१२ रुपये ४० पैसे.

खरी अडचण पुढे आली. त्याची आई गोधड्या शिवते. दिवाळीच्या आधी बहिणीने आईच्या गोधड्या विकायला त्याच साइटवर नवीन खातं उघडलं. घरचा पत्ता तोच, आणि बँक खातं त्याचंच दिलेलं. दोन दिवसांत नवीन खातं अडकलं: 'संबंधित खात्यावर बाकी असल्याने विक्री थांबवली आहे.' तिकडे गोधड्या तयार, इकडे दिवाळी तोंडावर. त्याच आठवड्यात याच्या व्हॉट्सॲपवर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, की आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर पोलिस केस होईल. खाली लिंक.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याने घरी काहीच सांगितलं नव्हतं. पहिला प्रश्न होता, "भाऊ, दोनशे बारा रुपयासाठी मले पकडून नेतीन काय?"

हसण्यासारखा प्रश्न नाही हा. थकबाकी, नोटीस, वसुली हे शब्द वऱ्हाडातल्या घरांनी फार जवळून ऐकलेले आहेत. गाडगेबाबा आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढले आणि कर्ज काढू नका हे कीर्तनातून आयुष्यभर सांगत राहिले, ते उगाच नाही. त्यामुळे इथला पोरगा असा मेल आला की बापाला सांगत नाही. आणि तो सांगत नाही यावरच फसवणाऱ्यांचा धंदा चालतो.

न भरल्यास काय होतं आणि काय होत नाही?

आधी काय होत नाही ते बघू.

- अटक होत नाही. शुल्क थकणं हा तुमच्यात आणि साइटमधला दिवाणी स्वरूपाचा व्यवहार आहे. त्यासाठी पोलिस फोन करत नाहीत. खोटी ओळख देऊन खातं उघडणं किंवा गिऱ्हाइकाला फसवणं ही गोष्ट वेगळी.
- सिबिल थेट बिघडत नाही. सिबिलसारख्या संस्थांकडे कर्जाची माहिती बँका, वित्त कंपन्या आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था पाठवतात. लिलावाची साइट तुम्हाला कर्ज देत नाही. पण शुल्क तुमच्या क्रेडिट कार्डवरून कापलं गेलं आणि कार्डाचं बिल तुम्ही भरलं नाही, तर ती बाकी बँकेची होते आणि तिची नोंद होते.
- कोर्टाचा दावा शक्य आहे, पण मुदतीत. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा येण्यासाठी साधारणपणे ३ वर्षांच्या आत दावा करावा लागतो. दोनशे रुपयांसाठी कोणी कोर्टात जाणं व्यवहारात परवडत नाही. पण कोर्टातून खरी नोटीस आली तर ती फेकून देऊ नका, वकिलाला दाखवा.

आता काय होतं ते.

- तुमचं खातं मर्यादित किंवा बंद होतं. जुने रेटिंग, गिऱ्हाइकांचे अभिप्राय सगळं अडकतं.
- त्याच पॅनवर, बँक खात्यावर, मोबाइल नंबरवर किंवा पत्त्यावर उघडलेलं दुसरं खातंही अडकू शकतं. 'नवीन ईमेल घेतो आणि परत सुरू करतो' हा उपाय म्हणूनच चालत नाही.
- पुढच्या विक्रीच्या पैशातून बाकी वळती होते.
- बँक खातं किंवा कार्ड जोडलेलं असेल आणि तुम्ही परवानगी दिलेली असेल, तर रक्कम तिथून कापली जाऊ शकते.

म्हणजे तुरुंगाची भीती खोटी आहे, पण नुकसान खरं आहे. दोनशे रुपये जाण्यापेक्षा पुढे विकायची वाट बंद होणं महाग पडतं.

खोटा मेसेज कसा ओळखाल?

खरी बाकी असली तरी तिच्याबद्दल आलेला मेसेज खोटा असू शकतो. नियम एकच ठेवा: मेसेजमधल्या लिंकवरून कधीही पैसे भरायचे नाहीत. ॲप स्वतः उघडा, लॉगिन करा आणि तिथे बाकी दिसते का ते बघा. तिथे दिसत नसेल तर तुमच्याकडे बाकी नाही असं समजून आधी सपोर्टला विचारा.

'आज संध्याकाळपर्यंत', 'केस नंबर', 'व्हिडिओ कॉलवर या' असे शब्द आले की सावध व्हा. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. कोणी 'तुमचे जादा भरलेले शुल्क परत देतो, यूपीआय पिन टाका' म्हणालं तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले नसतील, पण कॉल किंवा मेसेज संशयास्पद वाटत असेल, तर तो संचार साथीवरच्या 'चक्षू' सुविधेत कळवता येतो.

बाकी मिटवायची पायरी पायरीने पद्धत

१. स्टेटमेंट काढा. सेलर खात्यात 'पेमेंट्स', 'बिलिंग' किंवा 'इनव्हॉइस' असा भाग असतो. मोबाइल ॲपमध्ये सापडला नाही तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट सुरू करून बघा. ज्या महिन्यात बाकी सुरू झाली तिथपासूनचं स्टेटमेंट डाउनलोड करा.

२. प्रत्येक ओळीला कारण लावा. वर दिलेल्या चार कारणांपैकी कोणतं? जी ओळ कळत नाही तिच्यावर खूण करा.

३. गिऱ्हाइकाने पैसे भरले नसतील तर ऑर्डर त्याच कारणाने रद्द करा. इथे मुदत महत्त्वाची आहे. ईबेवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर विक्रेता ऑर्डर रद्द करू शकतो, पण ते विक्रीपासून ३० दिवसांच्या आत करावं लागतं. कारण निवडताना 'गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत' हेच निवडा. 'माल शिल्लक नाही' असं चुकून निवडलं तर दोष तुमच्या नावावर लागतो. काही ठिकाणी टक्केवारीचं शुल्क परत मिळतं, पण दर ऑर्डरमागची ठरावीक रक्कम मिळत नाही.

४. शंका असेल तर लेखी विचारा. फोनवर वाद घालू नका, लेखी पुरावा राहत नाही. ॲपमधल्या सपोर्टमध्ये साधं लिहा:

'ऑर्डर क्रमांक अमुक. लिलाव अमुक तारखेला संपला. खरेदीदाराने पैसे भरले नाहीत, त्यामुळे मला रक्कम मिळालेली नाही. तरी विक्री शुल्क व त्यावरील जीएसटी लावला आहे. कृपया तपासून शुल्क परत जमा करावे. उत्तर येईपर्यंत खात्यावर कारवाई करू नये.'

इंग्रजीत लिहावं लागलं तर फोनमधलं भाषांतर वापरा, पण ऑर्डर क्रमांक, तारीख आणि रक्कम स्वतः तपासून घ्या. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा.

५. उरलेली खरी बाकी ॲपच्या आतूनच भरा. भरल्यावर यूटीआर क्रमांक जपून ठेवा.

६. नळ बंद करा. मासिक योजना, आपोआप पुन्हा लागणाऱ्या लिस्टिंग आणि जाहिराती थांबवा. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून त्या साइटची परवानगी रद्द करा. कार्डावर ई-मॅन्डेट दिलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि त्या सूचनेवरून ती रक्कम कापणं थांबवायची सोय असते. क्रम मात्र लक्षात ठेवा: योजना आधी बंद, ऑटोपे नंतर. नुसतं ऑटोपे बंद केलं तर पैसे कापले जात नाहीत, पण बाकी चढतच राहते.

७. शून्य बाकीचा पुरावा घ्या. खात्यावर शून्य दिसेल तेव्हा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. खातं बंद करायचं असेल तर त्यानंतरच करा. ॲप काढून टाकणं म्हणजे खातं बंद करणं नव्हे.

साइट ऐकतच नसेल तर?

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यावा लागतो. विक्रेत्याच्या तक्रारीसाठी वेगळी व्यवस्था असू शकते, पण सपोर्टकडून तेच ते छापील उत्तर येत असेल तर आधीच्या तक्रार क्रमांकासह या अधिकाऱ्याला मेल करा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तुम्ही धंदा म्हणून विकत असाल तर तिथे तुम्हाला ग्राहक धरलं जाईलच असं नाही, हे आधीच समजून घ्या.

आणि शेवटी व्यवहारही बघा. ४० रुपयांची बाकी तुम्हाला पटत नाही, पण खातं अडकलंय आणि सणाचा माल पडून आहे. अशा वेळी 'ही रक्कम मला मान्य नाही, खातं सुरू व्हावं म्हणून भरत आहे, तक्रार कायम आहे' असं लिहून भरून टाका आणि तक्रार चालू ठेवा. उलट, रक्कम दर महिन्याला वाढत असेल तर कारण कळल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. आज भरलं तरी पुढच्या महिन्यात ती परत उभी राहील.

त्या पोराच्या बाबतीत आम्ही हेच केलं. ३० दिवसांची मुदत त्याच्या साइटवरही होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. तरी खरेदीदाराला पाठवलेले मेसेज जोडून लिहिलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं: टक्केवारीचे १५० आणि त्यावरचा जीएसटी २७, असे १७७ रुपये जमा. उरलेले ३५ रुपये ४० पैसे त्याने ॲपमधून भरले. आणखी चार दिवसांनी बहिणीचं खातं सुरू झालं. व्हॉट्सॲपवरची लिंक आम्ही उघडलीच नाही, नंबर तेवढा कळवला.

पुढच्या लिलावाच्या आधी

वस्तू लावण्याआधी वहीत चार आकडे मांडा: अपेक्षित बोली, टक्केवारी व ठरावीक शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि पाठवणीचा खर्च. यानंतर काही उरत नसेल तर ती वस्तू गावातच विका. विक्रीसाठी शक्यतो वेगळं बँक खातं ठेवा. घरात दोघं विकत असतील तर एकाचं बँक खातं दुसऱ्याला देऊ नका. आणि दर महिन्याच्या १ तारखेला पाच मिनिटं काढून स्टेटमेंट उघडा. उणे आकडा लहान असतो तेव्हाच त्याचं कारण सापडतं.

घरात कोणाला असा मेल किंवा मेसेज आला तर त्यांना आधी एवढंच सांगा की हे लपवायचं काम नाही. मग दोघं मिळून ॲप उघडा आणि स्टेटमेंट बघा.